गाळा जळाला, गाड्या गेल्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिवडीच्या गाळ्याला आग लागून आमच्या सहा गाड्या गेल्या, त्याला आता दोन पावसाळे उलटले. तेव्हापासून आठवड्याला एखादा तरी फोन येतोच. काही जण हळहळायला करतात, काही नुसत्या उत्सुकतेपोटी, आणि काहींचं स्वतःचं कालपरवा जळलेलं असतं. प्रश्न मात्र तेच तेच. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. मी वकील नाही, विमा एजंटही नाही. जे केलं, जे करायचं राहिलं आणि नंतर जे शिकलो ते खाली आहे.

नेमक्या कोणत्या गाड्या होत्या?

ऐकणाऱ्याची इथेच निराशा होते. रोल्स नव्हती, पॅकार्ड नव्हती. पन्नासच्या दशकातली फियाट ११००, जिला तिच्या नाकाडामुळे मुंबईत ‘डुक्कर फियाट’ म्हणतात, ती वडिलांची. १९८५ची प्रीमियर पद्मिनी. एक स्टँडर्ड हेराल्ड, एक मार्क टू अँबॅसडर, महिंद्राची जुनी जीप आणि एक लॅम्ब्रेटा.

यातल्या चार मुंबईच्याच लेकी. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून दोन्ही फियाट निघालेल्या. जीप महिंद्रांनी मुंबईत जोडलेली आणि लॅम्ब्रेटा स्कूटर एपीआय या कंपनीची, तीही इथलीच. हेराल्ड मद्रासची, अँबॅसडर बंगालातल्या उत्तरपाड्याची. बाजारात सगळ्यांची मिळून जी किंमत झाली असती तेवढ्यात आज बऱ्यापैकी नवी एसयूव्ही येते. हा मुद्दा विम्याच्या वेळी पुन्हा येईल.

आग कशी लागली?

अग्निशमन दलाच्या अहवालात ‘शॉर्ट सर्किटची शक्यता’ असं आहे. ते चूक नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं मला माहीत आहे, कारण ते मीच करून ठेवलं होतं.

जूनचा दुसरा आठवडा. दुपारी पद्मिनीचा कार्ब्युरेटर उघडला होता. मुंबईतल्या कुठल्याही गॅरेजात पार्ट धुतात तसे आम्हीही पेट्रोलने धुतले, ॲल्युमिनियमच्या तसराळ्यात. संध्याकाळी पावसाची जोरदार सर आली, चाचांनी (आमचे मिस्त्री) ‘उद्या बसवू’ म्हटलं, मीही ‘उद्या’ म्हटलं, आणि तसराळं तसंच जीपखाली सरकवून आम्ही निघालो. जाताना हेराल्डची बॅटरी चार्जरला लावली. रात्रभर चार्ज होईल, सकाळी स्टार्ट मारू. पाऊस आत येऊ नये म्हणून वरची झरोक्याची पट्टीही बंद केली.

आता यातलं विज्ञान सांगतो, कारण तेव्हा ते मला नीट माहीत नव्हतं. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, म्हणजे मुंबईच्या जूनमध्ये ते सतत वाफच सोडत असतं. ही वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असते. ती वर जात नाही, पाण्यासारखी जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात, पिटमध्ये साचून राहते. ठिणगीपाशी ती स्वतः चालत जाते. दुसरीकडे, लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. चार्जर स्वस्तातला, आपोआप बंद न होणारा. त्यात गाळ्यात घुशी-उंदीर, आणि पहिल्या पावसात त्यांची बिळं भरली की ते सगळे वायरिंगच्या आश्रयाला येतात. ठिणगी चार्जरच्या चिमट्याची, कुरतडलेल्या वायरची की स्विचबोर्डची, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. पण तिला खायला घालून आम्हीच घरी गेलो होतो.

आग दिसल्यावर पहिलं काय करायचं?

१०१ लावायचा. शेजाऱ्याला, मेव्हण्याला, मिस्त्रीला नंतर. अग्निशमन दलाच्या भाषेत ही ‘वर्दी’. वर्दी देताना दोन गोष्टी न विसरता सांगा: आत पेट्रोल आहे, आणि वेल्डिंगचे सिलिंडर असतील तर तेही. आमच्याकडे ॲसिटिलीन नव्हता, पण हे विचारल्याशिवाय जवानांनी शटरला हात लावला नाही.

मग बाहेरून मेन स्विच बंद करता येत असेल तर करा. मीटरची पेटी आत असेल तर तो नाद सोडा. आणि गल्लीच्या तोंडाशी एक माणूस उभा करा. शिवडीच्या गल्ल्यांत दुतर्फा टेम्पो लागलेले असतात, बंब वळायलाच चार मिनिटं जातात. आमच्या गल्लीतल्या पोरांनी दोन टेम्पो ढकलून बाजूला घेतले, म्हणून शेजारचा पुठ्ठ्याचा गाळा वाचला. त्या पोरांचे उपकार कसे फेडायचे ते अजून कळलेलं नाही.

एखादी गाडी तरी बाहेर काढता आली नसती का?

हा प्रश्न मला रात्री मीच विचारायचो. उत्तर, नाही. धूर इतका काळा आणि दाट असतो की दोन पावलांवरचं दिसत नाही. टायर, फोम आणि रेक्झिन जळताना जे निघतं त्याचे चार श्वासही माणसाला पाडू शकतात. शटर अर्धं उघडलं की आत हवा मिळते आणि आग दुप्पट होते. ज्याला गाड्या प्रिय आहेत तोच आत धावतो, म्हणून त्यालाच धरून ठेवावं लागतं. मला चाचांनी धरलं होतं. त्यांचं वय ७२.

आगीआधी एक करता येतं. उभी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक न लावता, चाकाला लाकडी ठोकळा लावून. आग भिंतीपलीकडे असेल तेव्हा ठोकळा काढून दोन माणसं गाडी ढकलू शकतात. शिवाय महिनोन्महिने ओढून ठेवलेला हँडब्रेक आमच्या दमट हवेत ड्रमला चिकटून बसतो, तेही टळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचं?

काहीही हलवायचं नाही. सकाळी सात वाजता भंगारवाले दारात हजर असतात. कोण कळवतं देव जाणे. ‘साहेब, साफ करून देतो, वर पैसे देतो’ म्हणतात. पंचनाम्याआधी एक पत्राही गेला तर तुमचा दावा तिथेच लंगडा पडतो.

पोलीस ठाण्यात जळिताची नोंद करून पंचनामा करून घ्या. पंचनाम्यात ‘सहा वाहने जळाली’ एवढंच लिहिलेलं असेल तर सही करू नका. प्रत्येक गाडीचं नाव, नंबर, चॅसिस नंबर, ती कुठे उभी होती हे लिहायला लावा. हवालदार वैतागतात. वैतागू द्या, चहा सांगा, पण लिहून घ्या. अग्निशमन दलाकडे आगीच्या अहवालासाठी लेखी अर्ज द्यायचा आणि पोचेची प्रत ठेवायची. विमा कंपनीला त्याच दिवशी ईमेल करायची. फोनवर कळवलेलं नंतर कोणाला आठवत नाही.

फोटो काढताना नुसते हृदयद्रावक फोटो काढू नका. आम्ही तेच काढले. चॅसिस नंबर, इंजिन नंबर, टाकीचं झाकण, बॅटरीच्या जागा, स्विचबोर्ड, छताचा पत्रा कुठे सगळ्यात जास्त वाकलाय ती जागा, हे फोटो कामाचे. सर्व्हेअर, म्हणजे विमा कंपनीतर्फे नुकसान तपासायला येणारा माणूस, तेच मागतो.

विमा मिळाला का?

थोडासा. यात मूर्खपणा बराचसा आमचा आणि थोडा पद्धतीचा.

पद्मिनी आणि हेराल्डला पूर्ण म्हणजे पॅकेज पॉलिसी होती. जीप आणि अँबॅसडरला फक्त थर्ड पार्टी. डुक्कर फियाटची पॉलिसी तीन महिन्यांपूर्वी संपली होती आणि ‘गाडी कुठे बाहेर जातेय’ म्हणून नूतनीकरण राहून गेलं होतं. लॅम्ब्रेटाला काहीच नव्हतं.

थर्ड पार्टी विमा तुमची गाडी जळाली तर एक रुपया देत नाही. तो दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो आणि गाडी रस्त्यावर आणायला कायद्याने लागतो, बस. उभी गाडी सुरक्षित असते हा आपला गोड गैरसमज. अपघात चालत्या गाडीला होतो, आग उभ्या गाडीलाही लागते. थर्ड पार्टीच्या जोडीला फक्त आग आणि चोरी एवढंच संरक्षण घेता येतं, पूर्ण पॉलिसीपेक्षा कमी हप्त्यात. एजंट ते आपणहून सांगत नाहीत. विचारा.

आणि हेही लक्षात ठेवा की मोटार पॉलिसी गाडीपुरती असते. आमच्याकडे फळ्यांवर पंधरा वर्षं जमवलेले सुटे भाग होते: हेराल्डच्या मागच्या दिव्यांच्या काचा, फियाटचे गिअर, खोक्यात न वापरलेले बेअरिंग. त्यांना गाड्यांच्या विम्यात जागा नाही. हत्यारं आणि सुट्या भागांचा वेगळा आगीचा विमा लागतो, आणि गाळा कशासाठी वापरता हे त्यात खरं लिहावं लागतं.

जुन्या गाडीची किंमत ठरते कशी?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय तेही यावरच.

पॉलिसीवर ‘आयडीव्ही’ असा आकडा असतो. गाडी पूर्ण गेली तर कंपनी जास्तीत जास्त तेवढं देते. नवी गाडी असेल तर घसाऱ्याचा ठरलेला तक्ता आहे. चार वर्षं उलटून पाचवं लागलं की आकडा निम्म्यावर येतो. पाच वर्षांपुढच्या गाडीचा आकडा कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायचा असतो. आपसात! प्रत्यक्षात एजंट मागच्या वर्षीचा आकडा थोडा कमी करून टाकतो आणि हप्ता कमी आला म्हणून आपण खूष. माझ्या पद्मिनीची आयडीव्ही ४०,००० होती. तिच्या नुसत्या इंजिनकामाला आणि रंगाला त्याच्या सहापट गेले होते.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरतात. ४०,००० ची गाडी जळाल्यावर तो टप्पा काचा आणि वायरिंगमध्येच ओलांडतो.

जुन्या गाड्यांसाठी ‘अ‍ॅग्रीड व्हॅल्यू’ म्हणजे आधीच मान्य केलेल्या किमतीची पॉलिसी हा प्रकार आहे. त्यासाठी जाणकार मूल्यांकनकाराचा अहवाल, गाडीचे फोटो, केलेल्या कामाची बिलं द्यावी लागतात. सगळ्या कंपन्या देत नाहीत, ज्या देतात त्या पन्नास कागद मागतात. पन्नास कागद द्या.

आता सर्व्हेअर आला तो दिवस सांगतो. तरुण मुलगा, सभ्य, आमच्याशी अदबीने बोलणारा. दोन काळे सांगाडे शेजारी शेजारी उभे. तो म्हणाला, ‘काका, यातली पद्मिनी कुठली?’ मी दाखवली. ‘आणि हिचं इंजिन नवं केलं होतं म्हणता, बिल?’ बिल गाळ्यातल्या लोखंडी कपाटात होतं. कपाट त्याच्या मागेच उभं होतं, दार वाकून उघडलेलं, आत राख. ‘आधीचे फोटो?’ जुन्या अल्बममध्ये, त्याच कपाटात. ‘मूल्यांकन?’ कधी केलंच नव्हतं. मिस्त्रींना रोख दिलेली, पेंटरने वहीच्या पानावर लिहून दिलेलं. गाडी काय होती हे मला माहीत होतं, चाचांना माहीत होतं, गल्लीला माहीत होतं, आणि यातला एकही पुरावा नव्हता. त्या मुलाचा काही दोष नाही. त्याला दिसलं तेवढंच त्याने लिहिलं.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे, ते इथे लिहून टाकतो: गाडी आणि गाडीचे कागद एका छपराखाली ठेवू नका.

कंपनीने दावा नाकारला किंवा फारच कमी दिलं तर?

आधी कंपनीच्याच तक्रार विभागाकडे लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात आणि कंपनीच्या अंतिम नकारानंतर वर्षाच्या आत जावं लागतं. ग्राहक आयोगाची वाटही आहे, तिथे दोन वर्षांची मुदत. मी हेराल्डसाठी लोकपालांकडे गेलो आणि थोडे वाढवून मिळाले. पद्मिनीसाठी गेलो नाही. पॉलिसीवरचा आकडा मीच मान्य केलेला, भांडणार कशावर?

नोंदणीची तारीखही आत्ताच बघा. १५ वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, सोबत पर्यावरण कर. ती संपलेली असली की कंपनीला आयता मुद्दा मिळतो.

आरटीओमध्ये काय करायचं?

गाडी कायमची निकामी झाली की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर कळवायचं आणि आरसी जमा करायची. आरसी जळाली असेल तर आधी पोलिसांचा दाखला. खूप जुन्या गाड्यांची माहिती संगणकावर चढलेलीच नसते, तेव्हा ‘बॅकलॉग एंट्री’ करून घ्यावी लागते. डुक्कर फियाटच्या त्या एका नोंदीसाठी मी ताडदेवला सात खेपा घातल्या.

कंटाळा आला तरी हे टाळू नका. मला दोन जणांनी पद्मिनीचे नुसते कागद आणि चॅसिस नंबरचा तुकडा विकत मागितला, भंगारापेक्षा कितीतरी जास्त पैशांत. मेलेल्या गाडीचे कागद चोरीच्या गाडीला चढवतात. उद्या ती गाडी कुठे सापडली तर पोलीस तुमच्या दारात.

जळालेली गाडी पुन्हा उभी राहू शकते का?

कधी कधी. धातू बघून कळतं. कुठला धातू वितळला यावरून तिथे किती तापमान गेलं ते वाचता येतं. कार्ब्युरेटर, दाराच्या मुठी, नावाच्या पट्ट्या हे बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूचे. ते ४०० अंशांच्या आसपास ओघळतात. ॲल्युमिनियम ६६० ला जातं. पोलाद वितळत नाही, पण ६०० अंशांच्या आसपास त्याची निम्मी ताकद जाते, आणि मग छत स्वतःच्याच वजनाने खाली बसतं.

फियाटच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. आमच्या पद्मिनीचं हेड ब्लॉकवर मेणासारखं ओघळून थिजलं होतं. तिथेच चाचांनी हात झटकले. रंग नुसता काळवंडला असेल, खाली प्रायमर दिसत असेल, तर तो पत्रा वाचतो. रंग पूर्ण उडून पत्रा राखाडी-निळा झाला असेल तर तो ठोकून सरळ करता येतो, पण पूर्वीचा राहत नाही. पाटे आणि स्प्रिंगचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलेलं असतं, ते बदलायचेच. चॅसिस जमिनीवर ठेवून दोरीने कर्ण मोजा. दोन्ही सारखे आले तर आशा आहे.

आणि घाई करा. आग विझवताना मारलेलं पाणी, जळालेल्या पीव्हीसी वायरीतून सुटलेलं आम्ल आणि शिवडीची खारी हवा, तिन्ही मिळून उघड्या पत्र्यावर दोन दिवसांत नारिंगी गंज चढवतात. सर्व्हे झाला की, कंपनीची लेखी हरकत नसेल तर, गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून तेल चोळा. मी दहा दिवस नुसता खुर्ची टाकून बघत बसलो होतो. त्यात अँबॅसडरचं बॉनेट गेलं. ते वाचलं असतं.

साफसफाई करताना काळजी काय?

जुन्या गाड्यांच्या ब्रेक आणि क्लचच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असतं, जुन्या रंगात शिसं. कोरडं झाडू नका, पाणी मारून करा, चांगला मास्क लावा. काही नव्या प्रकारच्या रबरी सीलमध्ये फ्लोरिन असतं. ती जळाली की काळा चिकट चिखल होतो आणि त्यात हायड्रोफ्लोरिक आम्ल असू शकतं. कातडीला लागलं तर आत हाडापर्यंत त्रास देतं. जाड रबरी हातमोजे घाला आणि पोरांना लांब ठेवा.

सुटे भाग कुठे मिळतात?

कुर्ल्याचा सीएसटी रोड, ऑपेरा हाऊसची ऑटो पार्टची दुकानं, आणि नशीब असेल तर चोरबाजार. शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मुदत संपून २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. तेव्हा बरेच भाग भंगारात आले. आता ते आटत चाललेत आणि भाव चढलेत. जीपची बॉडी पंजाब-हरियाणाकडे, डबवाली भागात, आजही नवी ठोकून मिळते.

माझ्याही तीन-चार गाड्या एकाच शेडमध्ये आहेत. आजच्या आज काय करू?

बॅटरीची अर्थिंगची वायर काढा. एवढं एक केलंत तरी निम्मी भीती गेली. पाना लावायचा कंटाळा असेल तर कटऑफ स्विच बसवून घ्या, काही शे रुपयांत येतो. जुन्या गाड्यांच्या वायरींना कापडाचं किंवा रबराचं वेष्टन असतं, ते वाळून बिस्किटासारखं तुटतं, आणि अख्ख्या गाडीला मोजून चार-सहा फ्यूज. काही जुन्या विलायती गाड्यांत प्लस अर्थला असतो, तेव्हा कुठलं टोक काढताय ते बघून. बॅटरी गाडीबाहेर, उघड्या हवेत, माणूस जवळ असतानाच चार्ज करा.

मग पेट्रोलच्या नळ्या. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या रबराला ते फुगवतं, मऊ करतं, आणि नळी बाहेरून ठीक दिसत असतानाच आतून सुटते. इथेनॉलला चालणाऱ्या नळ्या घाला, क्लिपा नव्या घाला. टाकी रिकामी करून निश्चिंत होऊ नका. नुसतं पेट्रोल काढलेल्या टाकीत वाफ आणि हवा दोन्ही असतात, ती भरलेल्या टाकीपेक्षा वाईट.

पेट्रोल साठवू नका. परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंत ठेवता येतं, पण घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात. पाण्याच्या बाटलीत नाही, तेलाच्या प्लॅस्टिक कॅनमध्ये नाही. पार्ट धुवायला रॉकेल किंवा डिझेल वापरा, आणि धुऊन झालं की तसराळं त्याच दिवशी रिकामं करा. लाकडाला लावायच्या जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

झरोका उघडा ठेवा, विशेषतः खालचा, कारण वाफ खाली असते. पाऊस आत आला तर येऊ दे. आणि जमलं तर गाड्या दोन ठिकाणी ठेवा. संग्रह एकत्र शोभून दिसतो हे खरं, पण दोन गाड्यांमध्ये हातभर जागा असली की एकीची आग दुसरीला दहा मिनिटांत मिळते. आमच्या सहाही तशाच खेटून होत्या, वर्षातून एकदा कोणी बघायला आलं की रांग छान दिसावी म्हणून.

अग्निशामक सिलिंडर कोणता घ्यायचा?

पेट्रोल आणि वीज दोन्ही असताना पाणी नाही. एबीसी पावडर सगळ्यावर चालते आणि स्वस्त आहे, पण ती उरली की ॲल्युमिनियम खाते, म्हणून विझल्यावर लगेच धुवा. इंजिनाच्या छोट्या आगीला कार्बन डायऑक्साइड बरा, मागे घाण ठेवत नाही. सिलिंडरवर आयएस १५६८३ हा मानकाचा क्रमांक आणि भरल्याची तारीख बघा. तो दाराजवळ टांगा. आमचा आतल्या भिंतीला होता, म्हणजे आगीच्या पलीकडे.

तो वापरायचा कसा हे शिकायचं असेल तर १४ ते २० एप्रिलच्या अग्निशमन सप्ताहात प्रात्यक्षिकं असतात. १४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला, त्यात दलाचे ६६ जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह. वडील तेव्हा नऊ वर्षांचे होते आणि गिरगावात काचा खडखडल्या असं सांगायचे.

व्हिंटेज नोंदणी असती तर जास्त पैसे मिळाले असते का?

आपोआप नाही. २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपातली दुचाकी-चारचाकी ‘व्हीए’ मालिकेत नोंदता येते, नवीन नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. मग ती रोज वापरता येत नाही, रॅली-प्रदर्शनापुरती. पण त्या निमित्ताने गाडीची तपासणी होते आणि कागद तयार होतात. माझा जीव त्या कागदांसाठीच तुटतो.

‘गाड्याच तर होत्या, माणसं वाचली ना?’

हा प्रश्न नसतो, पण विचारतात प्रश्नासारखाच. हो, माणसं वाचली. म्हणूनच गाड्यांचं वाईट वाटायला सवड मिळाली. डुक्कर फियाटमधून मी प्रसूतिगृहातून घरी आलो. तिचा गिअर स्टिअरिंगला होता आणि वडील तो दोन बोटांनी टाकायचे, जणू सतारीची तार. आता तो आवाज फक्त मला ठाऊक आहे आणि तो मला कोणाला ऐकवता येत नाही. भेटायला जाणार असाल तर असं काही म्हणू नका. गाडीचं नाव घेऊन विचारा, ‘कुठली होती? कधी घेतली होती?’ माणूस बोलायला लागतो.

आता काय शिल्लक आहे?

सहा किल्ल्या. त्या गिरगावच्या घरी खिळ्याला असायच्या, आईचा हट्ट म्हणून. आणि जीप. तिच्या चॅसिसचे कर्ण सारखे भरले. सपाट पत्र्याची गाडी, त्यामुळे चाचा हळूहळू बॉडी जमवतायत, भिवंडीला एका ओळखीच्याच्या मोकळ्या आवारात. कागद घरी, त्यांचे फोटो बहिणीकडे पुण्याला, मूल्यांकन गाडी पुरी झाल्यावर. बॅटरी मी दर वेळी काढून लोकलने घरी आणतो आणि गॅलरीत तुळशीच्या कुंडीशेजारी ठेवतो. आईला ते मुळीच पसंत नाही.